अकरा फरशा

१

दुपारचं जेवण झालं की मी मधल्या खोलीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतो. स्वयंपाकाला येणारी मंगलाबाई भांडी घासून परसदारी उपडी घालते, मागचं दार ओढून घेते आणि जाते. ती पुन्हा येते ती चार वाजता, चहाला. तोवर घरात मी आणि चिंधी.

चिंधी ही माझ्या थोरल्या बहिणीची कुत्री. बहिणीचं नाव रुखमा. मी तिला बाई म्हणायचो. लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जाऊन, दिवसभर चिखलात वाकून तिने मला शिकवलं. मी नागपूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मोहाडीला, तिच्याजवळ येऊन राहिलो. गेल्या कार्तिकात ती गेली, ह्याच मधल्या खोलीत. शेवटच्या दिवशी तिचं बोलणं नीट कळत नव्हतं. एक वाक्य तेवढं कळलं.

"केवळ्या, माह्या मागं चिंधीले उपाशी नको ठेवू."

मी हो म्हणालो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की बराच वेळ एक आवाज चालू आहे. ओला, एकसारखा, मध्ये श्वासालाही न थांबणारा. चिंधी भिंतीपासून थोड्या अंतरावर पुढचे पाय दुमडून बसली होती आणि फरशी चाटत होती. एकच फरशी. काही सांडलं असेल म्हणून मी पान उलटलं. मग आणखी एक. चष्मा काढून घड्याळाकडे पाहिलं तेव्हा पाऊण तास झाला होता.

मी उठून तिला बाजूला केलं. फरशीवर काहीच नव्हतं. ती काळीभोर, ओली आणि स्वच्छ होती. माझ्या बोटांना मात्र लाल लागलं. चिंधीच्या जिभेतून रक्त येत होतं.

२

जनावरांचे डॉक्टर धर्मेंद्र हे माझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्याला कंटाळत नाहीत. त्यांनी चिंधीचं तोंड उघडून पाहिलं, पोट दाबून पाहिलं.

"स्वतःचं अंग चाटणं वेगळं, सर, अन् जमीन चाटणं वेगळं. जमीन चाटणाऱ्या बऱ्याच कुत्र्यांचं पोट बिघडलेलं असते. मळमळते म्हणून चाटतात. बाकीच्यांत कंटाळा असते, भीती असते. घरातलं मानूस जाते. बाई गेल्या ना तुमच्या?"

"हो."

"केव्हापासून चाटून राहिली?"

"आठवडा झाला असेल," मी म्हणालो. ते खरं नव्हतं, पण तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

त्यांनी पोटाच्या गोळ्या दिल्या. मऊ भात, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. दोन वेळा फिरवणं. फरशी साध्या पाण्याने पुसायची, फिनाईल वापरायचं नाही. "अन् चाटली की ओरडू नका. लाडही करू नका. लक्ष दिलं की तिले वाटते आपलं बरोबर आहे. तुम्ही शिकलेले आहात, लिहून ठेवा. किती वाजता, किती वेळ, कुठं."

निघताना ते म्हणाले, "जिभेचा घाव वाढू देऊ नका, सर. ती पानी प्यायचं सोडेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

३

लिहून ठेवणं मला जमतं. मी मोठ्या कागदावर तक्ता आखला आणि भिंतीला लावला. तारीख, वेळ, मिनिटं, जागा. जागेसाठी मी फरशांना भिंतीपासून क्रमांक दिले.

मंगलाबाईने कमरेवर हात ठेवून तो तक्ता पाहिला.

"चिंधीची परीक्षा लावली का, सर? पेपर मोठा कठीण दिसते."

"डॉक्टरांनी सांगितलं आहे."

"पास करून टाका ना बिचारीले. माह्या पोरीच्या बारावीले बी एवढा कागद नाही लागला."

पहिले पाच दिवस तीन क्रमांकाची फरशी. वेळ नेहमी दोन ते चार. मग दोन दिवस काहीच नाही. गोळ्या लागू पडल्या असं मी मंगलाबाईला सांगितलंही. आठव्या दिवशी पुन्हा आवाज आला. चिंधी चार क्रमांकाच्या फरशीवर होती. सहा दिवसांनी पाच.

तक्ता बघताना मला एक ओळ दिसली, आणि ती दिसू नये म्हणून मी प्रयत्न केला. तीन बिंदू योगायोगानेही सरळ रेषेत येऊ शकतात. हे मी तीस वर्षं मुलांना बजावत आलो. तरीही मी गुडघ्यावर बसलो आणि फरशा मोजल्या. एक ही भिंतीजवळची. तिथून सरळ माझ्या खोलीच्या दारातून आत. अकराव्या फरशीवर माझ्या पलंगाचे पुढचे पाय टेकतात.

आणि एक क्रमांकाच्या फरशीवर काय होतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

४

बाईला नेलं त्या संध्याकाळी, आमच्या घरच्या रीतीप्रमाणे, तिने जीव सोडला त्या जागी बायकांनी तांदळाचं पीठ पसरलं, मधोमध दिवा ठेवला आणि वर बांबूची टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून पिठावर कसलं पाऊल उमटलं ते पाहतात. गाईचं, मुंगीचं, पाखराचं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून ठरवतात. मी हे मानत नाही. पण बाईची मुलगी, डिंपल, त्या टोपलीसमोर उजाडेपर्यंत बसून होती.

उजाडल्यावर बायका डिंपलला घेऊन आंघोळीला परसात गेल्या. मी मधल्या खोलीत आलो. टोपली कलंडलेली होती, दिवा विझलेला होता आणि चिंधी उरलंसुरलं पीठ चाटून घेत होती. फरशी काळीभोर झाली होती.

पिठावर काही उमटलं होतं का, ते मला ठाऊक नाही. ठाऊक असलेली एकटी चिंधी.

अपशकुन झाला म्हणून बायका तिला काठीने झोडतील, ही पहिली भीती. डिंपल काय करेल, ही दुसरी. मी डब्यातून मूठभर पीठ आणलं, पसरलं, दिवा लावला आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं पिठावर टेकवली. पाखराचं पाऊल. मागचं चौथं बोट काढायचं होतं, तेवढ्यात परसात बांगड्या वाजल्या. मी टोपली झाकली.

"पाखरू!" डिंपल ओरडली. "मामाजी, माही माय पाखरू झाली!" माझ्या पायांवर डोकं ठेवून ती रडली आणि हसली. मला त्या वेळी वाटलं की आयुष्यात एक तरी काम मी नीट केलं.

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर नाही. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलं. तेव्हा बाईने स्वतःच्या लुगड्याचा काठ फाडून त्यावर बांधला होता. पिठावरच्या त्या पावलाचं डावीकडचं बोट आखूड होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

५

चिंधीचं चाटणं मी थांबवलं. हे मी अभिमानाने लिहीत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी केलं, आणि ते लागू पडलं.

दोन वाजायच्या आत तिला तलावाच्या पाळीवर घेऊन जायचं. परत आल्यावर मधल्या खोलीत न आणता परसातल्या सीताफळाच्या झाडाला लांब साखळीने बांधायचं. गोणपाटाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे दडवून द्यायचे. ती हुंगत, उलगडत अर्धा तास रमते. डॉक्टरांनी एक खरबरीत रबरी चटई दिली होती. जिभेचा घाव सुकल्यावर तिच्यावर दही माखून ठेवायला लागलो. चाटायचंच असेल तर ते चाट.

नाताळापर्यंत तक्त्याचे रकाने रिकामे राहू लागले. चिंधी भाताची ताटली पुसून काढू लागली. तिच्या बरगड्या दिसायच्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्ही तर माझ्यापेक्षा चांगले डॉक्टर निघाले."

त्याच आठवड्यात मंगलाबाई सकाळी फडकं मारता मारता थांबली.

"हे पाहा, सर. फरशीले खार फुटला."

सहा क्रमांकाची फरशी. काळ्या दगडावर पांढुरक्या तीन रेघा, एका टोकाला जुळलेल्या.

"पाखराच्या पंजावानी दिसते, नाई?" ती हसली आणि ओल्या फडक्याने पुसून टाकलं. "जुन्या फरश्या हाय. थंडीत ओल वर येते."

मला ते पटलं. ओल वर येते, क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं, क्षार उरतात. पाऊण तासाने फरशी वाळली आणि रेघा परत दिसू लागल्या. तेही पटण्यासारखंच होतं. मी साबणाने घासलं. लिंबाने घासलं. वाळलं की रेघा तिथेच.

मग मी मागे वळून पाहिलं. एक ते पाच क्रमांकाच्या फरशा काळ्याभोर होत्या. चिंधीने चाटलेल्या.

सहाव्या फरशीवरची बोटं माझ्या खोलीकडे वळलेली होती. डावीकडचं आखूड होतं.

६

दुसऱ्या दिवशी सात. दोन ते चारच्या दरम्यान, मी पाळीवर असताना. एक दिवसाआड आठ, माझ्या खोलीच्या उंबरठ्याला लागून.

मी डिंपलला फोन केला. ती नागपूरला असते, शाळेत शिकवते. मी ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं: पीठ कुत्रीने चाटलं होतं, पाऊल मी काढलं. वाक्यं जुळवून ठेवली होती.

"मामाजी, तुमालेच फोन करनार होतो मी," ती म्हणाली. "रोज सकाळी गॅलरीत तांदूळ टाकतो ना मी आईसाठी. एक साळुंकी येते. एकटीच. बिलकुल भेत नाही."

"बरं."

"लंगडते जराशी. पायाले लागलं असन कुठं. हसू नका, पन मी तिच्याशी बोलत असतो. आईशी जे बोलायचं राहिलं ना, ते."

मी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

"तुमचा आवाज बरा नाही वाटून राहिला. इकडं या ना राहाले. चिंधीले मात्र आनता येनार नाही, आमच्या बिल्डिंगीत कुत्रं चालत नाही. गावात देऊन टाका कोनाले."

"तुझ्या आईला शब्द दिला आहे," मी म्हणालो.

"मंग राहा दोघं," डिंपल म्हणाली. तिला वाटलं मी हट्ट करतो आहे.

७

जानेवारीच्या पाच तारखेला माझं अंग थोडं गरम होतं, म्हणून मी पाळीवर गेलो नाही. चिंधीला परसात बांधलं, दह्याची चटई पुढे ठेवली आणि पलंगावर आडवा झालो. अडीच वाजले असतील. माझ्या खोलीत आरशाचं कपाट आहे. पलंगावर कुशीवर वळलं की त्यात दार दिसतं आणि दारापलीकडे मधल्या खोलीचा तुकडा. खिडकीतून ऊन आलं होतं. इतकं ऊन की फरशीवरची धूळ दिसत होती.

डाव्या डोळ्यात माझ्या मोतीबिंदू आहे. ताप होता. हे दोन्ही मी आधी नोंदवून ठेवतो.

परसात चिंधीने चाटणं थांबवलं. साखळी वाजली. ती भुंकली नाही. ती कुईं कुईं करू लागली, आणि तिची शेपूट पत्र्याच्या बादलीवर आपटत असल्याचा आवाज येऊ लागला. संथ, एकसारखा. बाई बाजारातून आली की ती अशी शेपूट आपटायची. दुसऱ्या कोणासाठीही नाही, माझ्यासाठीही नाही.

मग मधल्या खोलीत दुसरा आवाज आला. नखाने टेबलावर टिचकी मारावी तसा. टिक्, टिक्, आणि तिसरा अर्धवट, पोचला न पोचला असा. थोडी शांतता. पुन्हा तेच.

मला वळायचं नव्हतं. मी आरशात पाहिलं.

दारात हिरव्या लुगड्याचा काठ होता. ओल्या जमिनीवरून जाताना बाया जरा वर धरतात तसा वर धरलेला. काठाचा वीतभर तुकडा फाडलेला होता. त्यावर काय होतं ते आरशाच्या चौकटीबाहेर राहिलं. काठाखाली पावलं नव्हती. काठाखाली बोटं होती, टेकलेली, सगळा भार पेलून थरथरणारी. आरशात बाजू उलटते. ती मनात सुलटी करून मी पुन्हा पडताळून पाहिलं. असा पडताळा त्या क्षणीही घेता आला, ह्याची मला आता लाज वाटते.

आखूड होतं ते तेच.

ऊन होतं तसंच होतं. चहाला मंगलाबाई आली तेव्हा मी कुशीवर तसाच होतो. नवव्या फरशीवर रेघा होत्या.

८

दुसऱ्या दिवशी मी चिंधीला सोडलं. मला दुसरं काही सुचलं नाही. तिच्या गळ्यातला पट्टा काढला आणि मी बाजूला झालो. तिने गोणपाटाकडे, दह्याकडे पाहिलंही नाही. सरळ सहाव्या फरशीवर गेली. सहा, सात, आठ, नऊ. दोन तास लागले. मी खुर्चीवर बसून तो ओला आवाज ऐकत होतो आणि तिला थांबवत नव्हतो. शेवटी फरशा काळ्याभोर झाल्या आणि त्यांवर तिच्या जिभेतलं रक्त पसरलं होतं.

त्या दुपारी आणि त्याच्या दुसऱ्या दुपारी नवीन खूण उमटली नाही.

पण चिंधीने भात हुंगून सोडला. पाण्याच्या वाटीत तोंड घातलं आणि कण्हत मागे घेतलं. मंगलाबाई तिच्याजवळ बसली.

"काहून असं केलं ओ, सर? चांगली झाली होती. तुमीच चांगली केली होती." तिने चमच्याने चिंधीच्या तोंडात पाणी सोडलं. "रुखमाबाई असती तं तुमाले सोडली नसती. जेवाची बंद झाली हे लेकरू."

डॉक्टर आले, सुई दिली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "पुन्हा एकदा असं झालं तर मला बोलावू नका," म्हणाले.

तिसऱ्या दुपारी दहाव्या फरशीवर तीन रेघा आल्या. पलंगावरून पाय खाली सोडले तर तळव्याला लागतील इतक्या जवळ.

मी सगळे पर्याय लिहून काढले. कागदावर ते तीनच होते. पहिला नागपूरला जाण्याचा, आणि चिंधीला कोणाला तरी देऊन टाकण्याचा. दुसरा चिंधीला पुन्हा सोडण्याचा. तिसरा पर्याय लिहून मी बराच वेळ त्याकडे पाहत बसलो. मग उठून मागचं दार लावलं, पुढच्या दाराची कडी घातली, दातांची कवळी काढून वाटीत ठेवली आणि गुडघे टेकले.

दगड फार थंड होता. आधी मी बोट ओलं करून पुसून पाहिलं. काही झालं नाही. मग वाकलो. त्याला कच्च्या तांदळाच्या पिठाची चव होती. थोडी गोडसर. बाई जात्यावर दळायची तेव्हा मी मूठभर तोंडात टाकायचो, तीच.

पन्नास मिनिटं लागली. रेघा गेल्या.

९

ह्याला आता तीन आठवडे झाले. तक्त्यात मी 'कोण' असा एक रकाना वाढवला आहे. त्यात सगळीकडे एकच अक्षर आहे. चिंधीची जीभ भरून आली. ती चार वेळा भात खाते. डॉक्टर पुन्हा माझ्याशी बोलू लागले. पूर्ण खूण दहाव्या फरशीपुढे गेलेली नाही. कधी एक दिवस चुकतो, अंग साथ देत नाही, तेव्हा पलंगाखालच्या अंधारात अकराव्या फरशीवर दोन रेघा उमटू लागतात. तिसरी, आखूड, अजून उमटलेली नाही.

डिंपलचा परवा फोन आला होता.

"मामाजी, तुमी असे काहून बोलून राहिले? जिभेले काय झालं?"

"चहा गरम होता."

"सांभाळून पीत जा. चिंधी कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हणालो. "आता फरशी चाटत नाही."

आज दुपारी माझं काम उरकलं तेव्हा चिंधी दारात बसून बघत होती. मी भिंतीला टेकून बसलो. ती जवळ आली. तिने माझा उजवा हात हुंगला आणि बोटं चाटायला लागली. मला बरं वाटलं. बाई गेल्यापासून ती माझ्याजवळ अशी आली नव्हती. लाड करू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मी तिला चाटू दिलं. अंगठा तिने सोडला, करंगळी सोडली. मधली तीनच. मग दोन. मग आखूड बोटाच्या टोकावर ती आली आणि तिथेच राहिली. एकसारखी, मध्ये श्वासालाही न थांबता. मी हात ओढून घेतला तर ती गुरगुरली. ती माझ्यावर कधीच गुरगुरत नाही.

धोतराला हात पुसून मी उन्हात धरला. बोटं वाळली. तिन्हींवर पांढरं होतं.

तिच्या जिभेला आता पुन्हा काही होऊ द्यायचं नाही. हात मी सदऱ्याच्या खिशात घातला आहे. हे मी डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. चिंधी समोर बसून खिशाकडे बघते आहे. तिची शेपूट जमिनीवर आपटते आहे, संथ, एकसारखी.